इंग्रजी नकाराच्या नाना कळा

'ही इज नॉट अ टीचर' आणि 'ही इज नो टीचर' या दोन वाक्यांचा अर्थ एक नाही. पहिले वाक्य नुसती माहिती देते: तो शिक्षक नाही, बँकेत असेल, शेती करत असेल. दुसऱ्या वाक्यातला माणूस बहुधा शाळेत नोकरीला असतो, महिन्याच्या महिन्याला पगारही घेतो. शिकवण्याच्या नावाने मात्र आनंद. मराठीत हे 'तो कसला शिक्षक!' असे म्हटल्यावर नीट पोचते. 'नॉट'ने व्यवसाय नाकारला, 'नो'ने लायकी नाकारली. 'ही इज नो फूल' म्हणजे तो काही दूधखुळा नाही, चांगला बेरकी आहे. 'नॉट अ फूल' म्हटले की ही धार बोथट होते.

तुलनेच्या वाक्यांतही हाच फरक दिसतो. खोली कपाटाहून 'नॉट बिगर' असेल तर ती कपाटाएवढी किंवा त्याहून लहान, एवढेच मोजमाप कळते. 'नो बिगर' असेल तर बोलणारा तिच्या लहानपणावर बोट ठेवतो आहे: कसली खोली, कपाटच ते. कंत्राटाच्या अटींत 'नॉट लेस दॅन' लिहितात, कारण तिथे किमान मर्यादा सांगायची असते. सभेला 'नो लेस दॅन' पाचशे लोक आले, असे लिहिणाऱ्याला मात्र पाचशे या आकड्याचे कौतुक वाटलेले असते.

शाळेतल्या इंग्रजीने अशा फरकांकडे बघायची सवय लावलेली नाही. महाराष्ट्रात इंग्रजी व्याकरण शिकलेल्या बहुतेकांना वाक्यरूपांतराचा प्रश्न आठवत असेल: अर्थ न बदलता वाक्य नकारार्थी करा. 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर... दॅन' घालायचे, 'ऑनली'च्या जागी 'नन बट' आणायचे, 'द रूम वॉज क्लीन'चे 'द रूम वॉज नॉट डर्टी' करायचे आणि गुण पदरात पाडून घ्यायचे. सराव म्हणून ठीक आहे. पण 'नॉट डर्टी' खोली स्वच्छ असेलच असे नाही. बरी असेल, चालण्याजोगी असेल. अर्थ न बदलता नकार आणता येतो हे गृहीतच मुळात कच्चे आहे. इंग्रजीत नकार कोणत्या शब्दाने केला आणि वाक्यात तो कुठे बसवला, यावर नेमके काय नाकारले गेले हे ठरते.

'नॉट' हा शब्द आज इंग्रजी नकाराचा कणा असला तरी मूळचा मालक तो नव्हे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या आधी 'ने' हा छोटा शब्द लावून नकार करत. तो उच्चारात इतका पुसट होता की त्याला आधार म्हणून क्रियापदानंतर आणखी एक शब्द येऊ लागला. 'काहीही नाही' अशा अर्थाच्या जुन्या शब्दाचे झिजून 'नॉट' झाले आणि तोच हा आधार. काही शतके 'ने' आणि 'नॉट' दोन्ही नांदले. पुढे 'ने' गळून पडला आणि 'आय से नॉट' अशी वाक्ये उरली. त्यानंतर 'डू' मदतीला आला आणि 'आय डू नॉट से' झाले. बोलताना त्याचे 'डोन्ट' झाले, म्हणजे आधाराला आलेला 'नॉट'ही आता क्रियापदाला चिकटून पुसट होत चालला आहे. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने इंग्रजी आणि इतर भाषांतल्या नकारावर १९१७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हा प्रवास मांडला. नकाराचा शब्द झिजतो, त्याला जोड मिळते, मग जोडच मुख्य होते, या फेऱ्याला भाषाशास्त्रात आज येस्पर्सनचेच नाव आहे. फ्रेंचमध्येही असेच घडले. तिथला 'पा' मुळात 'पाऊल' या अर्थाचा शब्द. रोजच्या बोलण्यात जुना 'न' गाळून फ्रेंच लोक आता एकट्या 'पा'वर नकार भागवतात.

झिजलेल्या नकाराची अडचण अमेरिकी बोलण्यात चांगली जाणवते. 'कॅन्ट'मधला शेवटचा 'ट' तिथे बहुतेकदा ऐकूच येत नाही. होकारातला 'कॅन' घाईत 'कन्' असा उच्चारतात आणि नकारातला 'कॅन' ठसठशीत, एवढ्या स्वराच्या फरकावर जमेल की जमणार नाही हे ओळखावे लागते. नव्याने अमेरिकेत गेलेला मराठी माणूस फोनवर 'कॅन ऑर कॅनॉट?' असे विचारून खात्री करून घेतो, ते शहाणपणाचेच आहे.

आणि छापताना 'नॉट' निसटला तर काय होते, याचा दाखला १६३१ सालचा आहे. लंडनमधले राजमुद्रक रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास यांनी त्या वर्षी काढलेल्या बायबलच्या आवृत्तीत व्यभिचार करू नये या आज्ञेतला 'नॉट' गळाला. व्यभिचार करावा, असा ईश्वरी आदेश छापून बाहेर पडला. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट करण्याचा हुकूम निघाला. त्यातून वाचलेल्या मोजक्या प्रती 'दुष्ट बायबल' या नावाने संग्राहकांच्या हाती आहेत.

'नॉट' वाक्यात असला तरी त्याचा अंमल कुठपर्यंत चालतो हा प्रश्न उरतोच. 'ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास' या वाक्याचे दोन अर्थ होतात: एकही विद्यार्थी पास झाला नाही, किंवा सगळे झाले नाहीत, काही झाले. काळजीपूर्वक लिहिणारे पहिल्या अर्थासाठी 'नन' वापरतात आणि दुसऱ्यासाठी 'नॉट ऑल' म्हणत नकार सुरुवातीलाच ठेवतात. मराठीत 'सगळे पास झाले नाहीत' हे वाक्य तितकेच दुटप्पी आहे. तिथे 'सगळेच' मधला 'च' कामाला येतो. कारण सांगणाऱ्या वाक्यांत घोटाळा आणखी वाढतो. 'ही डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी' म्हणजे पगार चांगला म्हणून तो नोकरीत टिकला, की नोकरी सोडली खरी पण कारण पगार नव्हते? बोलताना आवाजाच्या चढउताराने उलगडा होतो. छापलेल्या वाक्यात तो होत नाही, वाक्य मोडून पुन्हा बांधावे लागते. मराठीला इथे 'नाही' आणि 'नव्हे' अशी जोडी मिळालेली आहे: 'त्याने नोकरी सोडली ती पगारामुळे नव्हे' म्हटले की शंकेला जागा राहत नाही.

साहाय्यक क्रियापदांशी 'नॉट'ची वागणूक एकसारखी नाही, आणि परक्या भाषिकांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. 'यू मस्ट गो' म्हणजे गेलेच पाहिजे. त्याला 'नॉट' लावून 'यू मस्ट नॉट गो' केले तर 'जायलाच पाहिजे असे नाही' हा अर्थ मिळत नाही, 'जाता कामा नये' अशी बंदी होते. सक्ती नाही एवढेच सांगायचे असेल तर 'नीड नॉट' किंवा 'डोन्ट हॅव टू' वापरावे लागते. 'कॅन'चा प्रकार याच्या उलट. 'कॅनॉट' म्हटले की शक्यताच संपली. 'मे नॉट' तर दोन्ही डगरींवर उभा आहे. 'यू मे नॉट एंटर' ही मनाई आहे, 'इट मे नॉट रेन' हा अंदाज. औषधाच्या किंवा यंत्राच्या सूचनांत 'मस्ट नॉट' आणि 'नीड नॉट' यांची अदलाबदल झाली तर ती नुसती व्याकरणाची चूक राहत नाही.

नकार कधीकधी आपली जागा सोडून वर सरकतो. तो येणार नाही असे वाटत असताना इंग्रज माणूस 'आय थिंक ही वोन्ट कम' क्वचितच म्हणतो. 'आय डोन्ट थिंक ही विल कम' म्हणतो. नकार येण्याला आहे, पण लागला वाटण्याला. मराठीतही 'तो येईल असे वाटत नाही' हेच जास्त सहज आहे आणि दोन्ही भाषांत कारण बहुधा सारखेच असावे: असे म्हटल्याने विधान मवाळ होते, बोलणारा थोडी पळवाट राखून असतो. ही सवलत ठरावीक क्रियापदांनाच मिळते. 'थिंक', 'बिलीव्ह', 'सपोज', 'वॉन्ट', 'सीम' यांना ती आहे. 'से', 'नो' (म्हणजे जाणणे), 'होप' यांना नाही. 'त्याने चोरी केली असे मी म्हटले नाही' आणि 'त्याने चोरी केली नाही असे मी म्हटले' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, इंग्रजीतही आणि मराठीतही. राजकारणी मंडळी पहिल्या वाक्यावर बरीच वर्षे काढू शकतात.

नकाराचा शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला आणला तर इंग्रजी वाक्यरचना उलटते. 'नेव्हर हॅव आय सीन', 'नो सूनर डिड द बेल रिंग' या रचना शाळेत पाठ करून घेतात. त्यामागचा नियम सहसा कोणी सांगत नाही. सुरुवातीच्या शब्दाने सगळे वाक्य नाकारले असेल तरच क्रियापद कर्त्याच्या पुढे येते. 'इन नो टाइम ही फिनिश्ड द वर्क' म्हणजे त्याने काम बघता बघता उरकले. इथे वाक्य होकारार्थी आहे, म्हणून क्रम साधा. 'ॲट नो टाइम डिड ही फिनिश द वर्क' म्हणजे त्याने काम कधीच पुरे केले नाही. याहून बारीक जोडी पाहावी. 'विथ नो जॉब, ही इज हॅपी': नोकरी नाही, तरी तो मजेत आहे. 'विथ नो जॉब इज ही हॅपी': कोणतीही नोकरी धरली तरी तो सुखी नाही. शब्द तेच, 'इज' आणि 'ही' यांची अदलाबदल झाली, आणि मजेत असलेला माणूस दुःखी झाला. वाक्य खरोखर नकारार्थी आहे की नाही याच्या अशा कसोट्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड क्लायमा यांनी १९६४ मध्ये पद्धतशीर मांडल्या.

यातली सर्वांत सोपी कसोटी शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नाची. होकारार्थी वाक्याला नकारार्थी शेपूट लागते आणि नकारार्थीला होकारार्थी. ती लावून पाहिली की वरवर होकारार्थी वाटणारे कितीतरी शब्द नकाराच्या बाजूचे निघतात. 'ही हार्डली ईट्स' यात 'नॉट' कुठेच नाही, तरी पुढे 'डझ ही?' असेच येते. 'हार्डली', 'स्केअर्सली', 'सेल्डम', 'रेअरली' ही सगळी त्याच घरातली मंडळी. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांच्यात एका 'अ'चा फरक. पण 'फ्यू पीपल केम' म्हणणारा रिकाम्या खुर्च्या मोजतो आणि 'अ फ्यू पीपल केम' म्हणणारा भरलेल्या. पहिल्याला 'डिड दे?' लागते, दुसऱ्याला 'डिडन्ट दे?'. भारतातल्या इंग्रजीने ही कटकट केव्हाच मिटवली आणि सगळ्यांना सरसकट 'इजन्ट इट?' लावून टाकले. मराठीतला 'ना?' असाच कोणत्याही वाक्याला चालतो, तेव्हा ही सोय कुठून आली याचे फार आश्चर्य वाटायला नको.

मराठीचा ठसा आणखी एका जागी उमटतो. 'कोणीही आले नाही' याचे शब्दाला शब्द इंग्रजी करून 'एनीबडी डिड नॉट कम' असे लिहिले जाते, आणि ते चूक आहे. 'एनी' कुळातल्या शब्दांना नकाराची सावली लागते आणि ती त्यांच्या आधी पडलेली असावी लागते: 'आय डिड नॉट सी एनीबडी' चालते. कर्त्याच्या जागी 'एनीबडी' आला तर त्याच्या आधी नकार उरत नाही, म्हणून 'नोबडी केम' असेच म्हणायचे. मराठीत नकार क्रियापदापाशी शेवटी येतो आणि मागच्या 'कोणीही'ला कवेत घेतो. इंग्रजीत त्याची दिशा डावीकडून उजवीकडे.

शब्दाच्या आतला नकार हा वेगळाच प्रांत आहे. 'अन', 'इन', 'डिस', 'नॉन', 'अ' हे उपसर्ग नकाराचे आहेत एवढे सगळ्यांना माहीत असते. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत हे सहसा लक्षात येत नाही. 'नॉट हॅपी' माणूस दुःखी असेल किंवा नुसता निर्विकार असेल. 'अनहॅपी' माणूस दुःखीच. तर्कशास्त्रात ॲरिस्टॉटलपासून हा भेद केला जातो: एका प्रकारच्या विरोधात मध्ये काहीच उरत नाही, दुसऱ्यात मध्ये मोकळी जागा असते. 'नॉट' पहिल्या प्रकारचा, 'अन' बहुधा दुसऱ्या. 'नॉन' मात्र नुसते वर्गीकरण करतो, बरेवाईट ठरवत नाही. अमेरिकी प्रतिनिधिगृहाने १९३८ मध्ये नेमलेली समिती 'अन-अमेरिकन' कारवायांची चौकशी करण्यासाठी होती. तिच्यासमोर उभे राहिलेले लेखक, नट, कामगार पुढारी बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. 'नॉन-अमेरिकन' म्हणजे परदेशी माणूस; 'अन-अमेरिकन' म्हणजे अमेरिकेला न शोभणारा. माणसाला देशाबाहेर न काढता देशातून बाद करण्याचे काम दोन अक्षरांनी केले.

'इम्मॉरल' माणूस अनीतीने वागतो. 'एमॉरल'ला नीतीचा प्रश्नच पडत नाही, जसा तो वादळाला किंवा तान्ह्या मुलाला पडत नाही. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा, म्हणजे त्याचा खटल्यात स्वार्थ नसावा. 'अनइंटरेस्टेड' असेल तर तो सुनावणीत पेंगतो. या दोन शब्दांची सरमिसळ आता इंग्रजी वृत्तपत्रांतही होते. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'ने रूढ केलेला 'अनडेड' तर मेलेला नाही आणि जिवंतही नाही. 'अनलॉकेबल' दार कुलूप उघडता येण्याजोगे असते किंवा कुलूपच न लावता येण्याजोगे. 'अन' आधी कोणाला चिकटला असे धरावे त्यावर ते अवलंबून. आणि 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नाहीच. महामार्गावर धावणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते, त्याचा अर्थ झटकन पेट घेणारे. लॅटिनमधून आलेल्या या शब्दात 'इन' म्हणजे 'आत'. लोक त्याला नकार समजतील आणि काडी ओढतील या धास्तीने अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थांनी विसाव्या शतकात 'फ्लेमेबल' या शब्दाचा आग्रह धरला. 'इनव्हॅल्युएबल'मधला 'इन' मात्र खरोखरच नकाराचा आहे आणि तरी वस्तू मोलाचीच राहते, आपल्या 'अमूल्य'सारखी.

'नॉट' आणि उपसर्ग यांच्यामधली ही फट न्यायालयात फार मोलाची ठरते. इंग्लंड-अमेरिकेतली ज्युरी आरोपीला 'नॉट गिल्टी' म्हणते. 'इनोसंट' म्हणत नाही. गुन्हा सिद्ध झाला नाही एवढीच ग्वाही ती देते, आरोपीच्या चारित्र्याची देत नाही. स्कॉटलंडमध्ये तर 'नॉट गिल्टी'च्या जोडीला 'नॉट प्रूव्हन' असा तिसरा निकाल काही शतके होता. त्यानेही आरोपी सुटायचा, पण कपाळावर संशयाचा टिळा घेऊन. स्कॉटिश संसदेने २०२५ मध्ये तो रद्द करण्याचा कायदा केला. मराठी वृत्तपत्रे सुटलेल्या आरोपीबद्दल सर्रास 'निर्दोष मुक्तता' असा मथळा देतात. ज्युरीच्या 'नॉट गिल्टी'पेक्षा तो बराच उदार आहे.

दोन नकार एकत्र आले की होकार होतो हा नियम इंग्रजीला जन्मापासून ठाऊक नव्हता. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लेखनात एका विधानात दोन, तीन, कधी त्याहून जास्त नकार येतात आणि सगळे मिळून एकच नकार घट्ट करतात. अठराव्या शतकात व्याकरणकारांनी याला हरकत घेतली. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात दोन नकार एकमेकांना मारतात असे सांगितले आणि शाळामास्तरांनी ते उचलून धरले. गणितातले वजा गुणिले वजा भाषेला लावण्याचा हा हट्ट सुशिक्षितांच्या इंग्रजीत जिंकला. लंडनच्या कामगार वस्त्यांत, अमेरिकेच्या दक्षिण भागात, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत मात्र 'आय डिडन्ट सी नोबडी' आजही ठणठणीत आहे. तिथे त्याचा अर्थ कोणालाही 'मी कोणाला तरी पाहिले' असा लागत नाही. अडाणीपणाचा शिक्का या वाक्यावर सामाजिक कारणांनी बसला. व्याकरणाच्या दृष्टीने ही रचना स्पॅनिश किंवा रशियन भाषेतल्या प्रमाण रचनेइतकीच नेटकी आहे.

प्रमाण इंग्रजीने दुहेरी नकाराचा एक प्रकार मात्र आवडीने ठेवला. 'नॉट अनहॅपी', 'नॉट अनकॉमन', 'नॉट बॅड'. प्राचीन इंग्रजी काव्य 'बेओवुल्फ'मध्येही अशा उलट्या बाजूने केलेल्या स्तुतीची रेलचेल आहे. जॉर्ज ऑर्वेलला या सवयीचा तिटकारा होता. मोतिहारीत जन्मलेल्या या लेखकाने राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्यावरच्या १९४६ सालच्या निबंधात तिची टर उडवली आणि ती जडलेल्यांना पाठ करण्यासाठी कुत्र्या-सशाचे एक हास्यास्पद वाक्य रचून दिले. कार्यालयीन पत्रव्यवहारातला हा रोग पाहिला तर ऑर्वेलचा राग पटतो. तरी त्याने एका गोष्टीकडे काणाडोळा केला. 'नॉट अनहॅपी' म्हणजे 'हॅपी' नव्हे. दुःखी आणि आनंदी यांच्यामधली जी जागा 'अन'ने मोकळी सोडली, तिथे नेमके बोट ठेवायला दुसरा इतका सुटसुटीत मार्ग इंग्रजीत नाही. आणि इंग्रजाच्या 'नॉट बॅड'चा अर्थ लावायचा तर त्याचा चेहरा पाहावा लागतो. आपल्याकडच्या 'वाईट नाही'सारखाच तो कधी जेमतेम पसंती असतो, तर कधी त्याच्या घराण्यातली सर्वोच्च दाद.

नकार दोनावर गेले की माणसाचे गणित चुकू लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी एका सहकाऱ्यासह १९७९ मध्ये एका वाक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला: 'नो हेड इन्जरी इज टू ट्रिव्हिअल टू बी इग्नोर्ड'. रुग्णालयाच्या भिंतीवर शोभेल असे हे वाक्य वाचणारा जवळजवळ प्रत्येकजण त्याचा अर्थ 'डोक्याची जखम कितीही किरकोळ असो, दुर्लक्ष करू नका' असा घेतो. आता याच सांगाड्यावर दुसरे वाक्य बांधून पाहावे: 'नो मिसाइल इज टू स्मॉल टू बी बॅन्ड'. क्षेपणास्त्र कितीही लहान असो, त्यावर बंदी घालावी. इथे अर्थ सरळ लागतो. मग त्याच मापाने पहिल्या वाक्याचा अर्थ होतो: डोक्याची जखम कितीही किरकोळ असो, तिच्याकडे दुर्लक्ष करावे! 'नो' हा एक नकार, 'टू... टू' या रचनेत दडलेला दुसरा, 'इग्नोर' मधला तिसरा. शिवाय 'ट्रिव्हिअल' स्वतःच महत्त्व नाकारणारा. एवढी गुंतवळ सोडवण्याऐवजी मन शहाणपणाला धरून जो अर्थ असायला हवा तो स्वीकारते आणि पुढे जाते. चूक दाखवून दिल्यावरही अनेकांना ती पटत नाही.

हाच गोंधळ १६ जुलै २०१८ रोजी जागतिक बातमी झाला. हेलसिंकीत रशियाच्या अध्यक्षांशेजारी उभे राहून डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की अमेरिकी निवडणुकीत ढवळाढवळ करणारा रशिया असण्याचे कारण आपल्याला दिसत नाही. मायदेशी गदारोळ उठला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा केला की आपल्याला 'वुड' नव्हे, 'वुडन्ट' म्हणायचे होते. रशिया नसण्याचे कारण दिसत नाही, असा तो दुहेरी नकार होता म्हणे. खुलासा किती जणांनी मानला हा भाग वेगळा, पण तो देता आला तो 'वुड'च्या शेपटीला लागणाऱ्या त्या झिजलेल्या 'नॉट'मुळे.

उरतो उत्तराचा प्रश्न. 'हॅवन्ट यू ईटन?' याला इंग्रजीत 'नो' म्हटले तर जेवलो नाही आणि 'येस' म्हटले तर जेवलो. इंग्रजी उत्तर वस्तुस्थितीशी जुळवून घेते, विचारणाऱ्याच्या समजुतीशी नाही. मराठीत 'जेवला नाहीस का?' याला 'हो, अजून नाही' असेही सहज म्हणतात. तो 'हो' विचारणाऱ्याच्या अंदाजाला दिलेला असतो. हीच सवय इंग्रजीत आली की साहेबाच्या 'डिडन्ट यू गेट माय मेल?'ला नुसते 'येस' मिळते आणि मेल पोचला असे समजून तो निर्धास्त होतो. इंग्रजीत एके काळी यासाठी चार शब्द होते. साध्या प्रश्नाला 'ये' आणि 'ने', नकारार्थी प्रश्नाला 'येस' आणि 'नो'. बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडल यांनी 'ने'च्या जागी 'नो' घातला म्हणून सर थॉमस मोर यांनी सोळाव्या शतकात त्यांचे कान उपटले होते. ती व्यवस्था तेव्हाच मोडकळीला आली होती आणि पुढे गेलीच. जर्मन 'डोख' आणि फ्रेंच 'सी' हे शब्द 'नाही कसे, आहेच की' हे एका दमात सांगतात. इंग्रजीला आता तेवढ्यासाठी 'येस, आय हॅव' असे शेपूट जोडावे लागते.

'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' या सभ्य प्रश्नात तर नकार 'माइंड'च्या पोटात आहे. हरकत नसेल तर नियमाने 'नो' म्हणायचे. पण आगगाडीत शेजारची जागा रिकामी असताना कोणाच्या तोंडून 'नो' निघणार? इंग्रजच 'शुअर' म्हणून मोकळे होतात, क्वचित 'येस, प्लीज'ही म्हणतात. व्याकरणाने पाहिले तर ती हरकत होते, पण विचारणारा बसलेला असतो.